कवटी घेऊन साखऱ्याला

मी मूळचाच भित्रा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याने माझ्याकडून वाघाच्या शिकारीची अपेक्षा धरू नये. कुत्रं भुंकलं की मी रस्ता बदलतो. होडीत बसलो की काठाकडे तोंड करून बसतो. शवविच्छेदनाच्या पहिल्या दिवशी मी ज्या पद्धतीने फरशीवर आडवा झालो, तिची नक्कल आमच्या मुंबईच्या कॉलेजात अजून होते. अशा माणसाने मेंदूची शस्त्रक्रिया शिकायचं मनात घेतलं याचं घरी सगळ्यांना हसू येतं. काका म्हणाले, "लोकांची डोकी उघडण्याआधी स्वतःचं एकदा दाखवून घे."

पण आमच्या सरांनी एका हमालाच्या कवटीला भोक पाडून आत साठलेलं रक्त काढलं, तेव्हा मी शेजारी उभा होतो. कित्येक दिवस निपचित पडलेला तो माणूस टेबलावरच डोळे उघडून म्हणाला, "बिडी आहे का कोणाकडे?" तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. नुसत्या मेंदूवरच काम करणारा डॉक्टर आपल्या देशात माझ्या तरी ऐकिवात नाही. ते शिकायचं तर विलायतेला जायचं. आणि यंदाच्या श्रावणात विलायतेतच लढाई पेटल्याची बातमी आली. मी तोंड पाडून बसलो, तेव्हा आई म्हणाली, "सुट्टी आहे तर यमूकडे पोळ्याला जाऊन ये."

यमूअक्का माझी थोरली बहीण. तिला मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, साखरा नावाच्या गावी दिलं आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आमच्याकडून तिकडे कोणी फिरकलं नव्हतं. मोगलाई म्हटलं की आमच्या घरात आपोआप आवाज खाली येतो. आपल्यापैकी बहुतेकांनी तो मुलूख पाहिलेला नसेल, म्हणून हे लिहितो आहे.

नाक्यावर

मनमाडला गाडी बदलली. निजामाची हद्द लागली आणि डब्यात करोडगिरीचा, म्हणजे त्यांच्या जकातीचा, अंमलदार चढला. सगळ्यांच्या वळकट्या उलगडत तो माझ्या ट्रंकेपर्यंत आला. ट्रंकेत कपडे होते, आईने अक्कासाठी दिलेले बेसनाचे लाडू होते आणि जुन्या धोतरात गुंडाळलेली एक कवटी होती. डॉक्टरकी शिकणाऱ्या पोरांकडे हाडं असतातच. माझ्या कवटीवर दोन्ही बाजूंना मी लाल पेन्सिलने एकेक गोल काढला होता. सर भोक पाडतात ती ही जागा. ती डोळे मिटून बोटाला सापडली पाहिजे असं ते म्हणतात, म्हणून रिकामा असलो की मी कवटी मांडीवर घेऊन चाचपत बसतो.

अंमलदाराने धोतर उलगडलं आणि एकदम हात झटकले. कवटी लाडवांवर पडली. समोरच्या बाकावरच्या बाईंनी पदर तोंडावर ओढला.

"ये किसका है?"

"अभ्यासाचं आहे. मेडिकल कॉलेज."

"वो नहीं पूछा. किसका है?"

कोणाचं ते मला ठाऊक नव्हतं. विचारावं असं कधी सुचलंही नव्हतं. आता आपल्याला उतरवून घेणार, परमुलखातल्या तुरुंगात टाकणार, असं मला वाटलं. पण त्यालाच ते प्रकरण हातात नको होतं. "ले जाओ, ले जाओ," म्हणत तो पुढे सरकला आणि पुढच्या स्टेशनावर नळाखाली कोपरापर्यंत हात धुताना दिसला. लाडू मात्र डब्यात कोणी घेईना.

हिंगोलीच्या पुढे

हिंगोलीला रेल्वे संपते. स्टेशनाबाहेर दाजींची बैलगाडी उभी होती आणि तिच्याजवळ लाल पागोटं घातलेले एक उंच, वाळकुडे म्हातारे. हे देवला नाईक, साखऱ्याच्या शेजारच्या बंजाऱ्यांच्या तांड्याचे पुढारी. दाजींचा आणि त्यांचा घरोबा.

"बंबईचे पाव्हणे का तुमी? बसा बराबर, मधी बसा. रस्ता लय हालवतो."

रस्ता म्हणजे काळ्या चिखलात चाकांनी पाडलेल्या दोन चऱ्या. दोन्ही बाजूंना ज्वारी, कपाशी, तूर, आणि मधेमधे पळसाची झाडं. मुंबईत आपण चिखल ओलांडून जातो. इथला चिखल माणसाला धरून ठेवतो. कयाधू नदी लागली तेव्हा पाणी गाडीच्या तळाला लागलं आणि मी ट्रंक छातीशी धरून डोळे मिटले. नाईक हसले. त्यांच्या बापजाद्यांनी म्हणे बैलांच्या पाठीवर मिठाची आणि धान्याची पोती लादून मुलुखच्या मुलूख तुडवले होते. रेल्वे आली, तो धंदा गेला, आता तांडा शेती करतो. बैलाला पाण्याची भीती नसते, ती पाठीवरच्या माणसाला असते, असं ते म्हणाले. मला ते पटलं.

पुसेगावात दुपारची न्याहारी केली. धपाटे, जवसाची चटणी आणि वर ताक. तिथे खाता खाता नाईक सहज म्हणाले, "तुमचे दाजी आजकाल लय झोपून राहिले बघा. पह्यलं असे नव्हते. तुमी डाक्टर हाव, जरा पाहा."

मला सरांचा तो हमाल आठवला. पण थकवा असेल, वय झालं असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. भित्र्या माणसाला समजूत घालायची सवय असते.

साखरा

अक्का दारातच उभी होती. तिच्या बोलण्यात 'काहून' आणि 'व्हय' इतकं मुरलं आहे की मला आधी हसू आलं आणि मग उगाच रडू आलं. दाजी, म्हणजे बळवंतराव, भरदार माणूस. बोलण्यात तिरकस. मला पाहून म्हणाले, "या सदाशिवराव! कोनाचं डोकं फोडून आलात?" सगळे हसले. मीही हसलो. मग ते पुढे आले आणि त्यांची डाव्या पायातली वहाण मागेच राहिली. ते तसेच चालत आले. वहाण सुटल्याचं त्यांच्या गावीच नव्हतं.

जेवायला बसलो. येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या मसाल्याच्या पिठाची, झणझणीत आमटी, ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी. आमच्याकडे भाकरी ताटात वाढतात, इथे ती हातावरच येते. दाजींनी ती डाव्या हातावर घेतली. बोलता बोलता हात हळूहळू कलला आणि भाकरी आमटीत पडली. अक्काने काही न बोलता दुसरी ठेवली. तिला त्याची सवय झाली होती, हे पाहून माझा घास तोंडातच फिरायला लागला.

जेवणं झाल्यावर मी तिला परसात गाठलं.

"दाजींच्या डोक्याला काही लागलं होतं का?"

"न्हाई रे." मग आठवून म्हणाली, "आखाडात गोठ्याच्या आढ्याला डोकं आपटलं होतं. पण टेंगूळसुदिक आलं न्हाई. काहून?"

'काहून' याचं उत्तर मला ठाऊक होतं, म्हणूनच मी ते दिलं नाही. असा किरकोळ मार लागतो. मेंदूच्या वरच्या पडद्याखाली एखादी बारीक शीर तुटते आणि रक्त थेंबाथेंबाने साठत राहतं. माणूस हिंडतो, जेवतो, थट्टा करतो. मग डोकं दुखायला लागतं, झोप वाढते, साठलेल्या रक्ताच्या उलट बाजूचे हातपाय ऐकेनासे होतात. मधेच एखादा दिवस अगदी बरा जातो आणि सगळे निर्धास्त होतात. एक दिवस झोपलेला माणूस उठत नाही. भोक पाडून रक्त काढलं तर तो बिडी मागतो. हे सगळं मी एकदाच पाहिलं होतं, आणि तेही सरांच्या खांद्याआडून.

खांदेमळणी

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी इथे बैलांचे खांदे मळतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद आणि तूप चोळायचं आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. आमच्याकडे या अमावास्येला मातीचे बैल पुजतात आणि पिठोरीचं वाण देतात. खरा बैल आमच्या गिरगावात दिसला तर लोक खिडक्या लावून घेतील.

दाजी आपल्या लाल कंधारी बैलाचा खांदा चोळत होते. अक्का समई घेऊन उभी. चोळता चोळता दाजींचा हात मंदावला. त्यांनी बैलाच्या मानेवर डोकं टेकलं. लाडाने टेकलं असं सगळ्यांना वाटलं. बैलही हलला नाही. पण ते डोकं उचलेनात. अक्काने हाक मारली, नाईकांनी दंड धरून हलवलं, तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "पोळा झाला का?"

मी दिव्याची ज्योत त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. उजवी बाहुली डावीपेक्षा मोठी दिसत होती. पुन्हा पाहिली. पुन्हा तेच. मी दिवा अक्काच्या हातात परत दिला.

"यांना उद्या हिंगोलीला न्यायला हवं," मी म्हणालो.

त्याच वेळी घरातून किंकाळी आली. अक्काच्या सासूबाई लाडू काढायला म्हणून माझ्या ट्रंकेत हात घालून बसल्या होत्या. त्या ओसरीवर आल्या त्या भिंतीला धरूनच. "ह्या पाव्हण्यानं मसनातली वस्तू घरात आनली! म्हनूनच माझं लेकरू असं झालं!"

दाजी महिन्याभरापासून आजारी आहेत आणि मी कालच आलो, हे सांगण्यात अर्थ नव्हता. अंगणात माणसं जमली. कोणी माझ्याकडे बघत नव्हतं, आणि तेच जास्त भयंकर वाटत होतं. मी कवटी बाहेर आणून दिव्याखाली धरली, लाल गोल दाखवला, आत रक्त कसं साठतं ते सांगू लागलो. माझा आवाज इतका चिरकला की माझं मलाच पटेना. शेवटी अक्का पुढे झाली. "आत्याबाई, ती वस्तू उद्या गाडीतच जाईल. त्याच्यासंगं हेबी जातील."

पोळा

सकाळी वेगळंच संकट उभं राहिलं. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. आमच्याकडे एकादशीला चुकून भात खाल्ला तर माणूस चूळ भरून मोकळा होतो. हे तसलं नव्हतं. आख्ख्या साखऱ्यात कोणी बैल देणार नाही, आणि पुढच्या कुठल्याही गावात देणार नाही. बैल शिंगं रंगवून, झुली घालून, पुरणपोळीची वाट बघत उभे होते.

अक्का मात्र म्हणाली, "आपले बैल हायेत. जुंपा. पाप लागलं तर मला लागू द्या."

बाजेवर पडलेल्या दाजींनी डोळे उघडले. शब्द जड येत होते, पण डोकं ठिकाणावर होतं. "जू ठेवायचं न्हाई. वरीसभर राबले ते. मी मेलो तरी चालल. आज न्हाई."

ती हट्टाने वेडी झालेली माणसं पाहून मी तिथेच मातीत बसलो. उद्यापर्यंत थांबावं तर दाजी उद्यापर्यंत टिकतील का? हे विचारायला सर मुंबईत होते. 

देवला नाईक तांड्यावरून पोळ्यासाठी आले होते, त्यांच्याबरोबर त्यांची माणसं होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पागोटं काढून कडेला ठेवलं आणि गाडीचं जू उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

"बैलाला आज सुट्टी हाय," ते म्हणाले. "मानसाला कोनी देली?"

 तांड्यातला एक गडी दुसऱ्या बाजूने जुवाखाली गेला. मागून गावातले दोघे आले, मग आणखी. दाजींनी मान वळवून ते पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. "नाईक, काहून असं करून राहिले?" एवढंच ते म्हणाले आणि पुन्हा झोपेत गेले. अक्काने निघण्याआधी घाईघाईने बैलांना ओवाळलं, पुरणपोळी भरवली, आणि राहिलेल्या पोळ्या फडक्यात बांधून गाडी ओढणाऱ्यांसाठी घेतल्या.

मी गाडीत दाजींचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. पायाशी ट्रंक. प्रत्येक हिसक्याला मला वाटे, आता आत शीर तुटली. चिखलात चाक रुतलं की माणसं वाकून, हुंकार देत ते काढत आणि मला बघवत नसे. माझं निदान चुकलं असेल तर? साधा थकवा असेल तर? एवढ्या माणसांच्या मानेवर मी सणाच्या दिवशी जू ठेवलं, आणि ते परीक्षाही पास न झालेल्या एका पोराच्या शब्दावर. भीतीने मला दोन्ही अंगांनी धरलं होतं. माझं चूक ठरलं तर तोंड काळं, आणि बरोबर ठरलं तर त्याहून वाईट.

गावाची शीव आली की त्या गावची माणसं बाहेर येऊन थांबलेली असायची. बातमी आमच्या पुढे पळत होती. पोळ्याचा माथ्यावर लावलेला गुलाल तसाच, नवी मुंडाशी तशीच, आणि येऊन न बोलता जुवाखाली शिरायचे. आधीचे लोक बाजूला होऊन खांदे चोळत परत फिरायचे. एका ठिकाणी एका म्हाताऱ्या बाईने त्यांच्या खांद्यांना हळद-तूप लावलं. काल बैलांना लावून उरलेलं होतं म्हणाली.

पुसेगाव

दिवस मावळायच्या आत पुसेगाव गाठलं. सुभद्रामाय नावाच्या एका बाईंनी आपलं घर उघडून दिलं. विधवा बाई, एकट्याने शेत करतात. ओसरीवर दाजींना निजवलं. आणि तिथे तो घात झाला ज्याला मी सगळ्यात जास्त भीत होतो. दाजी उठून बसले.

अगदी चांगले उठून बसले. पिठलं-भाकरी मागितली, डाव्या हाताने भाकरी धरून खाल्ली. नाईकांची थट्टा केली, "तुमाला झूल घालायची राह्यली." सगळं अंगण हसलं. अक्काने देवाला हात जोडले. सकाळी उठून घरी परतायचं ठरायला वेळ लागला नाही. मी म्हणालो, "नाही, हिंगोलीला जायलाच हवं. हे बरं वाटणं खरं नाही."

दाजी रागावले नाहीत, ते हसले. "सदाशिवराव, तुमाला डोकं फोडाया मिळालं न्हाई म्हनून वाईट वाटतंय का?"

लोक पुन्हा हसले आणि मला पहिल्यांदाच आपण चुकलो असं खात्रीने वाटलं. मी ओसरीच्या टोकाला जाऊन बसलो. सुभद्रामाय पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि माझ्यापाशी थांबल्या.

"डाक्टर, ह्यायचा डावा हात गळत व्हता का?"

"हो."

"आन् लय झोप?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या. "आमच्या मालकालाबी असंच झालं व्हतं. झाडावरून पडले, काई लागलं न्हाई. मंग झोपूनच राहायचे. डावा पाय वढायचे. लोकायनं लागिर झालं म्हनलं, अंगारे केले, डोक्यावर डाग देले. एक दिस असेच उठून बसले. पिठलं मागितलं. मी आख्ख्या गल्लीत गूळ वाटला." त्यांनी दाजींकडे पाहिलं. "परत झोपले ते उठलेच न्हाईत."

अंगणातलं हसू थांबलं. दाजी भाकरीचा तुकडा हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिले.

"माझे बैल हायेत," सुभद्रामाय म्हणाल्या. "उद्या पोळा न्हाई. उजाडताच जुंपा."

हिंगोली

हिंगोलीला पोचेपर्यंत दाजी घोरत होते. तो झोपेतला घोर नव्हता. चिमटा घेतला तरी डावा हात हलेना आणि उजवी बाहुली विस्फारून तशीच राहिली होती. मोठा दवाखाना हैदराबादला. तिकडची गाडी दुसऱ्या दिवशी, आणि पुढे केवढा तरी प्रवास. तेवढा वेळ त्यांच्याकडे नव्हता.

दवाखान्यातले डॉक्टरसाहेब हैदराबादकडचे, पिकल्या दाढीचे, सभ्य गृहस्थ. त्यांनी दाजींचे डोळे पाहिले, माझं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून पुसत बसले.

"मियाँ, तुम डॉक्टर हो?"

"अजून नाही. शिकतो आहे."

"और मैं इतने बरस से डॉक्टर हूँ. खोपड़ी कभी नहीं खोली." ते उठले. "मेरे को भी डर लगता, समझे? नक्को बोलना था मेरे को. पर आँख देखा मैं."

त्यांनी एका कपाटातून लाकडी पेटी काढली. हिंगोलीला पूर्वी फौजेची छावणी होती, तिच्या दवाखान्यातून मागे राहिलेली. आतली मखमल उंदरांनी खाल्ली होती, पण लाकडी मुठीचं, गोल दात्यांचं हाड कापायचं हत्यार शाबूत होतं. ते उकळायला टाकलं. मी बाहेर आलो. अक्का पायरीवर बसली होती आणि नाईक तिच्याजवळ उभे होते.

"सदू," ती म्हणाली, "तुला नक्की ठाऊक हाय ना?"

"हो," मी म्हणालो. मला नक्की ठाऊक नव्हतं.

आत दाजींचं डोकं भादरलं. सुई देऊन कातडी बधिर केली. मी डोळे मिटले आणि उजव्या बाजूला बोट फिरवलं, आगगाडीत, खोलीत, मांडीवर हजारदा फिरवलं होतं तसंच. बोट थांबलं. "इथे," मी म्हणालो. डॉक्टरसाहेब बिस्मिल्ला म्हणाले आणि त्यांनी मूठ फिरवायला सुरुवात केली. त्यांच्या कपाळावरचा घाम मी पुसत होतो आणि माझा माझ्याच डोळ्यांत जात होता. हाडाचा भुगा पांढरा, मग तांबूस झाला. गोल चकती उचलली. खाली पडदा निळसर, ताणलेला. डॉक्टरसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आयुष्यात इतकी जड मान मी कधी हलवली नाही.

पडद्याला चीर दिली आणि काकवीसारखं काळपट, जुनं रक्त उसळून बाहेर आलं. खूप आलं. डॉक्टरसाहेब "या अल्ला, या अल्ला" म्हणत होते आणि हसत होते. घोरणं थांबलं, तेव्हा श्वासच थांबला असं वाटून मी ओरडलो. पण छाती हलत होती. सावकाश, शांत. थोड्या वेळाने दाजींचा डावा हात टेबलावरून उठला आणि त्याने माझं मनगट धरलं.

"कोन हाय?" दाजी म्हणाले. "डोक्यावर कोन बसलंय?"

मी बाहेर जाऊन अक्काला सांगितलं आणि मग दवाखान्याच्या पायरीवरच, शवविच्छेदनाच्या पहिल्या दिवसासारखा, आडवा झालो. नाईकांनी माझ्या तोंडावर पाणी मारलं.

परत पुसेगाव

दाजी रोज जरा जरा सुधारत गेले. अक्का त्यांच्यापाशी राहिली आणि सुभद्रामायचे बैल पोचवायला नाईकांबरोबर मी निघालो. कवटी गाडीतच होती. दवाखान्यात ती कोणी ठेवू दिली नसती. या खेपेला नदी ओलांडताना मी डोळे मिटले नाहीत. विलायत, लढाई, सगळं विसरून मी मनातल्या मनात सरांना ही हकिगत सांगत होतो. खरं सांगायचं तर जरा फुशारून सांगत होतो.

सुभद्रामायनी बैलांच्या पाठीवरून हात फिरवला, त्यांना पाणी दाखवलं, मग आमच्यासाठी धपाटे टाकले. सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ते कुठं भोक पाडलं, दाखवा की."

मी धोतर सोडून कवटी बाहेर काढली. वाटलं, घाबरतील. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

"हे कोनाचं?"

"माहीत नाही," मी म्हणालो. या वेळी मला लाज वाटली.

त्यांनी उजवीकडच्या लाल गोलावर बोट ठेवलं. "हितं?"

"हो."

"मालकाचंबी डावंच अंग व्हतं. म्हंजे ह्याच अंगाला?"

"हो. याच बाजूला."

त्या बराच वेळ बोट तसंच ठेवून बसल्या. नाईक उठून बैलांकडे गेले.

"मंग त्यायलाबी एवढंसं भोक पुरलं असतं?"

मी इकडेतिकडे पाहिलं. प्रत्येक दुखणं वेगळं असतं, पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, असं काहीतरी बोलायला लागलो.

"सांगा की बराबर," त्या म्हणाल्या. "मी रडत न्हाई."

"पुरलं असतं," मी म्हणालो. "बहुतेक पुरलं असतं."

त्यांनी मान हलवली. खरंच रडल्या नाहीत. धोतर पसरून त्यांनी कवटी त्यात ठेवली, उन्हातून नेताना लेकराचं डोकं झाकतात तशी नीट चोहोबाजूंनी झाकली आणि गाठ मारून माझ्या मांडीवर दिली.

"मंग लौकर शिका," त्या म्हणाल्या. "आन् शिकून हिकडं या. बंबईत लय डाक्टर असतील."

मी हो म्हणालो. हिंगोलीला त्या टेबलाशी वाटली नव्हती एवढी भीती मला तो एक शब्द बोलताना वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.